साठा नियंत्रणाची गणितीय प्रतिमाने

कारखान्यास लागणारा कच्चा माल, प्रक्रियेत असलेला अर्धसिद्ध माल, यंत्रांचे सुटे भाग व विक्रीसाठी तयार झालेला पक्का माल यांचा किती साठा हाताशी असावा, तो कमी झाल्यावर नवा माल केव्हा मागवावा आणि एका वेळी किती मागवावा, हे खर्चाच्या हिशेबाने ठरविण्यासाठी जी समीकरणे मांडण्यात येतात, त्यांना साठा नियंत्रणाची गणितीय प्रतिमाने म्हणतात. साठा ठेवण्यास खर्च येतो, तसाच तो नसल्यासही येतो. पहिल्या प्रकारात गुंतलेल्या भांडवलावरील व्याज, गोदामाचे भाडे, विमा, घट व नासाडी येतात. दुसऱ्यात थांबलेली यंत्रे, बसून राहिलेले कामगार व हातची गेलेली गिऱ्हाइके येतात. याशिवाय प्रत्येक वेळी माल मागविण्याचा खर्च (पत्रव्यवहार, वाहतुकीची व्यवस्था, तपासणी इ.) वेगळा. या तिन्ही खर्चांची बेरीज किमान होईल असा साठा शोधणे, हे प्रतिमानाचे काम होय. समीकरण सोडविणे बहुधा अवघड नसते. त्यात घालावयाचे खर्चाचे आकडे कोणाच्या बाजूने मोजले आहेत यावर उत्तर अवलंबून राहते, आणि या बाबीकडे पाठ्यपुस्तकांत फारसे लक्ष दिले जात नाही.

साखर कारखाना हे या विषयाचे बोलके उदाहरण आहे. बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील दिंद्रुड हे गाव बीड–परळी रस्त्यावर असून त्याच रस्त्यावर तेलगाव येथे लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण हे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील असून त्याच्या पाण्यावर या भागात ऊस होतो. त्याचबरोबर दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारे हजारो मजूर याच जिल्ह्यातील असतात. साखर कारखान्याच्या आवारात काही तासांत खराब होऊ लागणारा ऊस, दहा-वीस दिवसांत संपणारी पोती, चुना व गंधक, वर्षभर विकावयाची साखर आणि कदाचित कधीच न लागणारा सुटा भाग, असे निरनिराळ्या स्वभावांचे साठे एकत्र असतात व प्रत्येकास वेगळे प्रतिमान लागते. पुढील आकडेमोड दररोज २,५०० मे. टन ऊस गाळणाऱ्या, १५० दिवसांचा हंगाम व १० टक्के उतारा असलेल्या एका कल्पित कारखान्याची आहे. दर व खर्चाचे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले असून ते कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याच्या हिशेबातील नाहीत.

इतिहास : बँकेने ठेवीदारांसाठी रोकड किती राखावी, या प्रश्नाचा विचार संभाव्यतेच्या आधारे अर्थशास्त्रज्ञ एजवर्थ यांनी १८८८ मध्ये केला होता. मात्र कारखान्यातील साठ्याचे पहिले सुटसुटीत सूत्र फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये एका व्यवस्थापनविषयक मासिकात प्रसिद्ध केले. आर. एच. विल्सन यांनी १९३४ मध्ये त्याच प्रकारच्या सूत्राचा पुरस्कार केला व ते त्यांच्याच नावाने रूढ झाले. हॅरिस यांचा मूळ लेख दीर्घ काळ विस्मृतीत होता. तो १९९० मध्ये पुन्हा छापण्यात आला. अॅरो, हॅरिस व मार्शाक यांनी १९५१ मध्ये अनिश्चित मागणीचे प्रतिमान मांडले. (यांतील हॅरिस हे निराळे, नामसादृश्यामुळे पुस्तकांत घोटाळा होतो.) त्यानंतरच्या दहा वर्षांत वॅग्नर व व्हिटिन यांनी काळानुसार बदलणाऱ्या मागणीसाठी (१९५८), तर क्लार्क व स्कार्फ यांनी एकापाठोपाठ एक असलेल्या अनेक गोदामांसाठी (१९६०) प्रतिमाने रचली. भारतात हा विषय कारखान्यांच्या व्यवहारात उतरण्यास बँकांचा मोठा हातभार लागला. रिझर्व्ह बँकेने १९७४ मध्ये नेमलेल्या प्रकाश टंडन अभ्यासगटाने निरनिराळ्या उद्योगांत किती महिन्यांच्या वापराइतका साठा वाजवी समजावा याची प्रमाणके सुचविली व खेळत्या भांडवलाचे कर्ज त्यांच्याशी जोडले.

किफायतशीर मागणी-परिमाण : हॅरिस यांच्या सूत्रात मागणी स्थिर व आधी ठाऊक असते असे गृहीत धरतात. हंगामातील एकूण मागणी म, एकदा माल मागविण्याचा खर्च ख, एक नग हंगामभर साठविण्याचा खर्च स आणि एका वेळी मागविलेली नगसंख्या न मानल्यास, मागविण्याचा एकूण खर्च म × ख ÷ न इतका येतो. न वाढविल्यास तो घटतो. साठा न पासून शून्यापर्यंत सावकाश उतरत असल्याने सरासरी साठा न ÷ २ व साठवणीचा खर्च न × स ÷ २ होतो. न वाढविल्यास तो वाढतो. हे दोन खर्च जेथे समान होतात तेथे त्यांची बेरीज किमान असते व त्यावरून

न = √(२ × म × ख ÷ स)

हे सूत्र मिळते. कल्पित कारखान्यात रोज २,५०० क्विंटल साखर निघेल व ५० किग्रॅ.ची ५,००० पोती लागतील, म्हणजे हंगामात ७,५०,०००. एकदा माल मागविण्याचा खर्च रु. ५,००० व एक रिकामे पोते हंगामभर ठेवण्याचा खर्च रु. ३ धरल्यास न = ५०,००० येते. हा दहा दिवसांचा पुरवठा असून हंगामात १५ वेळा माल मागवावा लागेल. दोन्ही खर्च प्रत्येकी रु. ७५,००० व एकूण खर्च रु. १,५०,००० होईल.

या सूत्राचा खरा गुण मात्र वेगळाच आहे. ५०,००० ऐवजी ६०,००० पोती मागविल्यास खर्च रु. १,५२,५०० होतो, म्हणजे दोन टक्क्यांनीही वाढत नाही. थेट दुप्पट मागविल्यास तो रु. १,८७,५०० म्हणजे २५ टक्क्यांनी वाढतो. किमान बिंदूच्या आसपास खर्चाचा वक्र सपाट असल्याने खर्चाचे अंदाज थोडे चुकले तरी बिघडत नाही व मालमोटार पूर्ण भरेल अशा आकड्यापर्यंत परिमाण खुशाल वाढवावे. वर्गमुळामुळे आणखी एक गोष्ट कळते : गाळप चौपट झाले, तरी एका वेळच्या मागणीचे परिमाण दुपटीहून अधिक वाढविण्याचे कारण नसते. ‘धंदा वाढला तितका साठा वाढला पाहिजे’ हा भांडारपालांचा नेहमीचा युक्तिवाद येथे टिकत नाही.

सुरक्षा साठा : माल मागविल्यापासून तो पोहोचेपर्यंतच्या पुरवठा-कालात वापर चालूच असतो. त्या काळातील सरासरी वापर अधिक सुरक्षा साठा यांची बेरीज म्हणजे पुनर्मागणी पातळी होय. तागाची पोती मुख्यतः पश्चिम बंगालमधील गिरण्यांतून येतात. पुरवठा-काल सरासरी १६ दिवस व त्याचे प्रमाण विचलन ३ दिवस, तसेच रोजचा वापर सरासरी ५,००० व त्याचे प्रमाण विचलन ६०० पोती मानू. दोन्ही राशी परस्परांपासून स्वतंत्र असल्यास पुरवठा-कालातील वापराचे प्रमाण विचलन √(१६ × ६००² + ५,०००² × ३²), म्हणजे सुमारे १५,२०० पोती येते. शंभरातील ९५ खेपांत तुटवडा पडू नये अशी अपेक्षा असेल, तर प्रसामान्य वितरणानुसार याची १.६५ पट, म्हणजे सुमारे २५,००० पोती सुरक्षा साठा म्हणून हवीत व पुनर्मागणी पातळी १,०५,००० ठरते. ही पातळी मोजताना गोदामातील मालात वाटेवरचा मालही मिळवावयाचा असतो. तसे न केल्यास एकच गरज दोनदा मागविली जाते.

वरील वर्गमुळातील दोन पदांकडे पाहिल्यास, रोजच्या वापरातील चढउतार अजिबात नसता तरी प्रमाण विचलन १५,००० राहिले असते, असे दिसते. जवळजवळ सगळा सुरक्षा साठा माल वेळेवर न येण्यापायी ठेवावा लागतो. तेव्हा वापराचे अंदाज सुधारत बसण्यापेक्षा पुरवठादाराकडून तारीख पाळून घेणे अधिक फायद्याचे.

साखरेचा साठा : येथे मागणी-परिमाण ठरविण्याचा प्रश्नच नसतो, कारण उत्पादन हंगामावर बांधलेले असते. पाच महिने उत्पादन व बारा महिने समान गतीने विक्री असे मानल्यास हंगाम संपताना उत्पादनाचा ५/१२ भाग विकला जाऊन ७/१२ शिल्लक राहतो. कल्पित कारखान्याच्या ३,७५,००० क्विंटल उत्पादनापैकी ही शिल्लक २,१८,७५० क्विंटल होय. साठा शून्यापासून या शिखरापर्यंत चढून पुन्हा उतरत असल्याने वर्षाचा सरासरी साठा त्याच्या निम्मा, म्हणजे १,०९,३७५ क्विंटल येतो. भाव क्विंटलला रु. ३,५०० व व्याज १२ टक्के धरले, तर केवळ व्याज वर्षाला सुमारे ४ कोटी ५९ लाख रु. होते, विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे हा भार रु. १२२.५० पडतो. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावयाचे असतात, तर साखरेचे पैसे वर्षभर येत राहतात. ही फट भरण्यासाठी कारखाने साखर बँकेकडे तारण ठेवतात. हे कर्ज वेळेवर उभे राहिले नाही की शेतकऱ्याचे देणे थकते व साखरेचा साठा बिनव्याजी सांभाळण्याचे काम त्याच्या अंगावर येते.

विक्रीची गतीही पूर्णपणे कारखान्याच्या हाती नसते. लेव्ही साखर व खुल्या विक्रीचा सरकारी कोटा या दोन्ही पद्धती २०१३ मध्ये उठविण्यात आल्या. परंतु जून २०१८ पासून केंद्र सरकारने कारखानावार मासिक विक्रीची मर्यादा पुन्हा आणली व त्याच वेळी साखरेचा किमान विक्रीदर ठरवून दिला. त्याच वर्षी ३० लाख टनांचा व २०१९ मध्ये ४० लाख टनांचा राखीव साठा कारखान्यांच्याच गोदामांत ठेवून त्याचा व्याजादी खर्च सरकारने सोसण्याचे ठरविले. प्रतिमानाच्या भाषेत सांगावयाचे, तर साठ्याची जागा न बदलता स या राशीचा धनी बदलण्यात आला.

सुटे भाग : भांडारातील हजारो वस्तूंवर सारखेच लक्ष ठेवणे शक्य नसल्याने वार्षिक वापराच्या रकमेनुसार त्यांचे तीन वर्ग करतात. थोड्याच वस्तूंत बहुतेक रक्कम गुंतलेली आढळते. सुट्या भागांच्या बाबतीत रकमेपेक्षा निकड महत्त्वाची असल्याने अत्यावश्यक, आवश्यक व इष्ट अशी दुसरी वर्गवारीही लावतात. क्वचित लागणाऱ्या महागड्या भागास, उदा., चरकाच्या रुळास, सरासरीवर आधारलेली सूत्रे लागू पडत नाहीत. तेथे प्वासाँ वितरण वापरतात. हंगामात सरासरी ०.२ वेळा मोडणारा भाग निदान एकदा मोडण्याची संभाव्यता सुमारे ०.१८ असते. भाग हाताशी नसल्याने होणारे नुकसान ४० लाख रु. असेल, तर अपेक्षित नुकसान सव्वासात लाख रु. भाग ठेवण्याचा वार्षिक खर्च चार लाख असल्यास तो ठेवावा, नऊ लाख असल्यास एकट्याने ठेवू नये. तीन शेजारी कारखान्यांनी मिळून एक ठेवला, तर प्रत्येकी तीन लाखांत काम भागते, कारण एकाहून अधिक कारखान्यांचा भाग एकाच वेळी मोडण्याचा संभव थोडा.

एका वस्तूचा साठा भरपूर असून दुसरीचा नसल्यास पहिला निरुपयोगी ठरतो. हे सूत्रांत सहसा दिसत नाही, कारण प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा मांडलेला असतो. दिंद्रुडहून पुढे याच रस्त्यावर असलेल्या परळी येथील औष्णिक वीज केंद्रास २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी वीजनिर्मिती थांबवावी लागली होती. कोळशाचा साठा अशा वेळी उपयोगी पडत नाही.

गाडीतळावरील ऊस : नाशवंत साठ्याचा प्रश्न सर्वांत नाजूक. तोडलेल्या उसातील साखरेचे विकरांमुळे ग्लुकोज व फ्रुक्टोज यांत विघटन सुरू होते, सूक्ष्मजंतूंमुळे डेक्स्ट्रान तयार होऊन पुढे रस गाळणे व स्फटिकीकरण यांत अडथळा येतो आणि पाणी उडून वजनही घटते. म्हणून तोडणीनंतर शक्यतो २४ तासांत गाळप व्हावे असे मानतात. दुसरीकडे गव्हाणीत ऊस नसल्यास चरक थांबतात, वाफेचा तोल बिघडतो व बॉयलर पुन्हा मार्गी लावण्यात इंधन जाते. रात्री तोड होत नसल्याने रात्रपाळीचा ऊस संध्याकाळीच तळावर असावा लागतो. उद्या किती गाळप होईल हे यंत्रांच्या बिघाडांमुळे निश्चित नसते. तोडणीच्या चिठ्ठ्या मात्र आजच द्याव्या लागतात.

हा प्रश्न ‘वृत्तपत्रविक्रेत्याचा प्रश्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रतिमानात बसतो. विक्रेता सकाळीच अंक घेतो. कमी घेतले तर नफा बुडतो, जास्त घेतले तर रद्दी उरते. एक टन कमी पडण्याचे नुकसान क व एक टन उरण्याचे नुकसान अ असल्यास, मागणी भागण्याची संभाव्यता क ÷ (क + अ) इतकी होईल एवढा माल उपलब्ध ठेवणे इष्टतम असते. मागे उरलेला ऊस दुसऱ्या दिवशी गाळला जातो, त्यामुळे अ मध्ये केवळ शिळेपणाचे नुकसान धरावयाचे.

गाळप सरासरी २,५०० टन व प्रमाण विचलन ३०० टन मानू. चरक थांबल्याने टनामागे रु. ४५० चे व शिळ्या उसाचा उतारा घटल्याने टनामागे रु. ५० चे नुकसान कारखान्यास होते, असे समजू. तेव्हा गुणोत्तर ०.९० येते व दररोज २,८८४ टन ऊस उपलब्ध ठेवणे कारखान्याच्या दृष्टीने योग्य ठरते. सरासरीने रोज सुमारे ३९९ टन मागे उरेल, तर १४ टनांची तूट पडेल.

परंतु उसाच्या प्रतीक्षेचा खर्च एवढाच नसतो. उसाचे पैसे कारखान्याच्या काट्यावरील वजनानुसार मिळतात. वाटेत व तळावर घटलेले वजन शेतकऱ्याच्या पदरी जाते. तोडणी-वाहतुकीची मजुरीही टनावर असते. गाडीवान जोडपे तळावर रात्र काढते तिचा मोबदला नसतो, आणि गाडी रिकामी होईपर्यंत दुसऱ्या दिवशीची तोड अडते. बैलांची वैरण वेगळी. हे सर्व मिळून टनामागे आणखी रु. १०० धरले, तर अ = १५०, गुणोत्तर ०.७५ आणि इष्टतम उपलब्धता २,७०२ टन येते. उरणारा ऊस २४७ टनांवर येतो. तूट वाढून ४५ टन होते. मागे राहणारा ऊस सुमारे १५२ टनांनी घटला. गाडीत दोन टन धरल्यास या सुमारे ७५ बैलगाड्या झाल्या.

दोन्ही धोरणांतील फरक रोजच्या हिशेबात असा पडतो : दुसरे धोरण स्वीकारल्यास कारखान्याचा खर्च सुमारे रु. ६,२०० ने वाढतो, शेतकरी व तोडणी मजूर यांचा सुमारे रु. १५,२०० ने घटतो व सर्वांचा मिळून रु. ९,००० चा लाभ होतो. गणित दोन्ही ठिकाणी बिनचूक आहे. ज्याच्या खात्यावर खर्च पडत नाही तो साठा कमी करीत नाही, एवढेच यातून निघते. सहकारी कारखान्यात ऊस उत्पादक हा सभासद असल्याने त्याची वजनघट हिशेबात धरली जाण्यास निदान वाव असतो. तोडणी मजूर सभासद नसतो. त्याच्या प्रतीक्षेला किंमत येण्यासाठी तळावरील ठरावीक तासांपुढे थांबण्याचा आकार देण्यासारखी तरतूद करारात असावी लागते. अशा आकाराने वरील रु. १०० कारखान्याच्याच अ मध्ये येतात आणि वेगळा आदेश न काढता तळ हलका होतो.

तळावरील साठा कमी करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे अनिश्चिततेचे मूळ कमी करणे. अन्य बाबी तशाच राहून गाळपाचे प्रमाण विचलन ३०० वरून १५० टनांवर आले, तर उरणारा ऊस व तूट हे दोन्ही निम्म्यावर येतात. हंगामापूर्वीच्या यंत्रदुरुस्तीचा हा लाभ दुरुस्तीच्या खात्यात कोठेच दिसत नाही. जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केलेल्या कानबान पद्धतीत पुढच्या टप्प्याने चिठ्ठी पाठविल्याशिवाय मागचा टप्पा माल बनवीत नाही. तोडणीची चिठ्ठी हीदेखील तत्त्वतः अशीच मागणीची चिठ्ठी होय. मात्र ती दिवसाऐवजी पाळीच्या हिशेबाने व चरकाच्या प्रत्यक्ष गतीवरून दिली गेली, तरच तिचा तसा उपयोग होतो.

यंत्राने तोडलेल्या उसाची लहान कांडी होतात. कापलेली टोके अधिक असल्याने ती अखंड उसापेक्षा लवकर खराब होतात. तेथे अ २५० धरल्यास गुणोत्तर ०.६४ व इष्टतम उपलब्धता सुमारे २,६१० टनांवर उतरते. म्हणून ज्या कारखान्यांत दोन्ही प्रकारचा ऊस येतो तेथे दोहोंच्या रांगा व प्रतीक्षेच्या मर्यादा वेगळ्या ठेवणे श्रेयस्कर असते.